दुधाची बाटली वाचायला शिका

टपाल तिकिटे, नाणी किंवा काड्यापेट्यांवरील चित्रे जमवणारे तुमच्यापैकी पुष्कळ जण असतील. आज आपण एका वेगळ्याच संग्रहाची ओळख करून घेऊ. ही वस्तू एके काळी मुंबईसारख्या शहरांत रोज पहाटे घरोघरी पोहोचत असे. आज ती भंगाराच्या दुकानात किलोच्या भावाने जाते. ती वस्तू म्हणजे दुधाची काचेची बाटली.

बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगाव येथील जुन्या घरांच्या माळ्यावर, फडताळात, किंवा मुंबई-पुण्यात नोकरी करून गावी परतलेल्या एखाद्या आजोबांच्या सामानात अशी बाटली सापडू शकते. बाटली मिळवणे तसे सोपे आहे. ती कोठून आली, कोणी वापरली, कशासाठी वापरली याची खात्रीलायक नोंद मिळवणे मात्र अवघड असते. नोंद नसलेली बाटली म्हणजे नुसती काच. नोंद असेल, तर तीच बाटली विज्ञानाचा आणि इतिहासाचा पुरावा ठरते. म्हणून बाटली 'वाचायची' कशी, हे आधी शिकू या.

बाटलीची गरज का पडली?

दूध हे आपल्याप्रमाणेच जीवाणूंचेही उत्तम अन्न आहे. अनुकूल तापमानात काही जीवाणूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे एका जीवाणूपासून एका तासात ८ आणि चार तासांत ४,०९६ जीवाणू होतात. आता एप्रिल-मे महिन्यांतील बीडच्या उन्हाचा विचार करा. सकाळी काढलेले दूध न तापवता तसेच ठेवले, तर दुपारपर्यंत ते का नासते हे लगेच समजेल.

पूर्वी गवळी चरवीतून किंवा कॅनमधून दूध आणून मापाने घालत असे. आजही अनेक गावांत असाच रतीब चालतो. ओळखीचा गवळी असेल आणि दूध घरी लगेच तापवले जात असेल, तर या पद्धतीने काम भागते. पण शहर मोठे झाले की दूध अनेक हातांतून जाते. वाटेत पाणी मिसळता येते, माप कमी भरता येते, आणि उघड्या भांड्यात जंतूंचा शिरकाव होतो. क्षय आणि विषमज्वर यांसारख्या रोगांचे जंतू दुधावाटे पसरू शकतात. ग्राहकाला डोळ्यांनी यातले काही दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे पाश्चरीकरण. दूध ६३° सें. तापमानाला ३० मिनिटे किंवा ७२° सें. तापमानाला १५ सेकंद ठेवून लगेच ४°–५° सें. पर्यंत थंड करतात. त्यामुळे रोगकारक जंतू मरतात. पण सगळेच जीवाणू मरत नाहीत. म्हणून असे दूध ताबडतोब स्वच्छ भांड्यात भरून, झाकण घट्ट लावून थंड ठेवावे लागते. हे काम बाटलीने केले. बाटली पारदर्शक असल्याने आतली घाण दिसते, झाकण मोडलेले असेल तर कळते, आणि माप ठरलेले असल्यामुळे फसवणुकीला वाव राहत नाही.

अमेरिकेतील डॉ. हार्वी थॅचर यांना १८८४च्या सुमारास दुधाची काचेची बाटली प्रचारात आणल्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते. १९०३च्या सुमारास मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित बाटली-यंत्र आले आणि बाटल्या स्वस्त झाल्या.

मुंबईची बाटली

महाराष्ट्रात दुधाची बाटली म्हटले की जुन्या माणसांना 'आरे' आठवते. गोरेगावजवळची आरे दुग्धवसाहत १९४९ साली सुरू झाली. मुंबईच्या दाट वस्तीतील म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवणे आणि लोकांना निर्धोक दूध पुरवणे हे तिचे हेतू होते. या योजनेमागे दारा खुरोडी यांचे मोठे काम होते. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

'टोन्ड' दूध ही कल्पना खुरोडी यांच्याच नावाशी जोडलेली आहे. तिच्यातील गणित सोपे आहे. म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश धरू. त्यात मलईरहित दुधाची भुकटी आणि पाणी योग्य प्रमाणात मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणला, तर १०० किलो दुधाचे सुमारे २३३ किलो दूध होते. भुकटीमुळे त्यातील प्रथिने व क्षार फार विरळ होत नाहीत. कमी किमतीत अधिक लोकांना दूध देण्याची ही युक्ती होती.

बाटलीच्या रुंद तोंडावर ॲल्युमिनियमचे वर्खासारखे पातळ झाकण दाबून बसवलेले असे. त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून दुधाचा प्रकार कळे. यातून संग्राहकाने एक धडा घ्यावा. एकाच बाटलीत आज एका प्रकारचे, तर उद्या दुसऱ्या प्रकारचे दूध भरले जाई. म्हणून नुसत्या बाटलीवरून दुधाचा प्रकार सांगता येत नाही. ती माहिती झाकणावर होती, आणि झाकण तर रोज फेकले जाई. एखाद्या डब्यात जुने झाकण सापडले, तर ते बाटलीइतकेच जपून ठेवा.

बाटलीवरची लिपी

आता बाटली हातात घ्या आणि पुढील क्रमाने तिचे निरीक्षण करा.

१. तोंड : तोंड रुंद आणि काठ जाड, गोलसर असेल, तर ती बहुधा पाश्चरीकृत दुधाची, वर्खाच्या झाकणाची बाटली. तोंड अरुंद असून सोडावॉटरच्या बाटलीसारखे दातेरी पत्र्याचे बूच बसेल असा काठ असेल, तर ती बहुधा निर्जंतुक केलेल्या सुगंधी दुधाची. आरेचे 'एनर्जी' हे सुगंधी दूध अशा लहान बाटल्यांतून विकले जात असे. अशा दुधाला बाटलीतच १०० अंशांहून अधिक उष्णता देतात. त्या वेळी आतला दाब वाढतो, म्हणून पातळ वर्ख चालत नाही, पक्के बूच लागते. अशा रीतीने बाटलीचे तोंड आतल्या दुधावर कोणती प्रक्रिया झाली ते सांगते.

२. सांधरेषा : बाटलीच्या अंगावरून बोट फिरवा. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे बारीक उंचवटा लागतो. तो थेट काठापर्यंत गेला असेल, तर बाटली यंत्राने बनलेली आहे. मानेवरच थांबला असेल, तर काठ हाताने घडवलेला असण्याचा संभव आहे.

३. तळ : तळावर गोल वलय, आकडे किंवा कारखान्याची खूण असते. आकडा दिसला की ते साल समजू नका. पुष्कळदा तो साच्याचा क्रमांक असतो. खूण कागदावर जशीच्या तशी काढून घ्या. महाराष्ट्रात काचेचे कारखाने जुने आहेत. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली सुरू झाला. पण खूण ओळखीची वाटली म्हणून पुराव्याशिवाय कारखान्याचे नाव लिहू नका.

४. झिजेचे पट्टे : तळाच्या कडेला आणि खांद्याजवळ पांढुरके, खरखरीत पट्टे आहेत का ते पाहा. बाटल्या भरताना, धुताना आणि जाळीच्या खोक्यांतून नेताना एकमेकींवर घासत. पट्टा जितका ठळक, तितक्या तिच्या फेऱ्या अधिक. आजकाल शोभेसाठी जुन्या धर्तीच्या नव्या बाटल्या मिळतात. त्यांवर असे पट्टे नसतात.

५. काचेचा धूसरपणा : आतून पांढरट थर असेल, तर त्याची दोन कारणे संभवतात. एक, पाण्यातील क्षारांचा थर. आपल्याकडील विंधन विहिरींच्या कठीण पाण्याने हा लवकर बसतो. दुसरे, काचेचा पृष्ठभागच झिजलेला असणे. बाटल्या गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धूत, आणि त्याने काच हळूहळू खरवडली जाते. ओळखायचे कसे? थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस आत घालून तासभर ठेवा. क्षारांचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो आम्लात विरघळतो, कधी बुडबुडेही येतात. काच झिजलेली असेल, तर काहीच फरक पडत नाही.

काळ कसा ठरवावा?

बाटलीवरचे किंवा सोबतच्या कार्डावरचे शब्द आणि एकके काळ ठरवायला मदत करतात. पुढील तारखा वहीत लिहून ठेवा.

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली. किंमत आण्यांत असेल, तर ती बहुधा त्याआधीची किंवा संक्रमणाच्या काळातील. 'नये पैसे' असतील, तर १९५७ ते १९६४ या काळातील. पुढे 'नये' हा शब्द गळला.

मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा. त्याची अंमलबजावणी १९५८पासून टप्प्याटप्प्याने झाली. लिटर किंवा मि.लि. लिहिलेली भारतीय बाटली या बदलानंतरची असण्याची शक्यता फार मोठी. पाइंट किंवा औंस लिहिलेली बाटली बहुधा त्याआधीची.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर छपाई त्यानंतरची.

बीड जिल्ह्यासाठी आणखी काही खुणा आहेत. हा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राजवटीत, नंतर १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६०पासून महाराष्ट्रात आहे. अंबाजोगाईचे जुने सरकारी नाव मोमिनाबाद होते, आणि बीडचे नाव इंग्रजीत 'भीर' असे लिहीत. दुधाची मापे, कॅन, पावत्या किंवा कार्डे यांवर ही नावे सापडली, तर काळाचा अंदाज येतो.

एक महत्त्वाचा नियम लक्षात ठेवा. अशी खूण आपल्याला 'याच्या आधीची नाही' एवढेच सांगते. पिनकोड असलेली बाटली १९७२च्या आधीची नाही हे नक्की. पण ती १९७३ची की १९८५ची, हे पिनकोड सांगू शकत नाही. साचे आणि बाटल्या अनेक वर्षे वापरात राहत. म्हणून कमीत कमी दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय काळ लिहू नका, आणि लिहिताना 'सुमारे' हा शब्द वापरायला संकोच करू नका.

प्रयोग : बाटलीचे माप शोधा

साहित्य : बाटली, तराजू, पाणी.

कृती : कोरड्या रिकाम्या बाटलीचे वजन करा. झाकण जेथे बसत असेल, त्याच्या किंचित खालपर्यंत साधे पाणी भरून पुन्हा वजन करा. १ मि.लि. पाण्याचे वजन जवळजवळ १ ग्रॅम असते. म्हणून दोन वजनांतील फरक म्हणजेच बाटलीचे माप मि.लि.मध्ये.

निष्कर्ष : उत्तर ५०० मि.लि.च्या जवळ आले, तर बाटली मेट्रिक मापाची. ५६८ मि.लि.च्या जवळ आले, तर ती ब्रिटिश पाइंटाची. अर्ध्या पाइंटाची बाटली २८४ मि.लि.ची असते. मानेत थोडी मोकळी जागा सोडलेली असते, त्यामुळे उत्तर तंतोतंत येणार नाही. हे मोजमाप तीन वेळा करून सरासरी घ्या.

आता रिकाम्या बाटलीच्या वजनाला २.५ने भागा. नेहमीच्या काचेची घनता सुमारे २.५ ग्रॅम प्रति घ.सें.मी. असते, म्हणून भागाकार म्हणजे बाटलीतील काचेचे घनफळ.

सावधानता : जुन्या बाटलीत गरम पाणी ओतू नका. काच उष्णतेची मंदवाहक आहे. आतला थर एकदम प्रसरण पावतो, बाहेरचा थंडच राहतो, आणि त्या ताणाने बाटली तडकते. दुग्धशाळेतील धुण्याच्या यंत्रातही बाटलीचे तापमान पायरीपायरीने वाढवत आणि कमी करत. घरी अशा बाटलीत रॉकेल, फिनेल किंवा ॲसिड भरून ठेवलेले असू शकते. म्हणून जुनी बाटली कधीही हुंगू नका. तिच्यात पिण्याचे दूध किंवा पाणी भरू नका. पहिली धुलाई शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्यांच्या देखत करा. फुटकी काच उचलू नका, आणि कचऱ्याच्या ढिगात शोध घेऊ नका.

बाटली गेली का?

१९७० आणि १९८०च्या दशकांत पॉलिथिनच्या पिशवीने बाटलीची जागा घेतली. ती का घेतली, हे आपणच हिशेब करून पाहू. समजा, अर्ध्या लिटरच्या बाटलीचे वजन ४५० ग्रॅम आहे आणि तेवढ्याच मापाच्या पिशवीचे ३ ग्रॅम. १,००० लिटर दूध वाटायला २,००० बाटल्या लागतील. दुधाचे वजन सुमारे १,०३० किलो आणि त्यासोबत काचेचे ९०० किलो. तेवढीच काच संध्याकाळी परत आणायची. पिशव्यांचे एकूण वजन मात्र अवघे ६ किलो, आणि त्या परत आणायच्या नाहीत. शिवाय बाटल्या धुवायला पाणी, सोडा आणि इंधन लागते. एका बाटलीला अर्धा लिटर पाणी धरले, तरी १,००० लिटर दुधामागे १,००० लिटर पाणी. उन्हाळ्यात टँकरवर विसंबणाऱ्या गावांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण हिशेब येथे संपत नाही. बाटली पुन्हा पुन्हा वापरली जात होती. ती १०० फेऱ्या टिकली, तर दिवसाला सरासरी ९ किलो काच नवी लागेल, आणि फुटलेली काचही पुन्हा वितळवता येते. पिशव्यांचे ६ किलो प्लास्टिक मात्र रोज नव्याने कचऱ्यात जाते. बाटलीसाठी लोक अनामत भरत आणि रिकामी बाटली परत करत. त्यामुळे ती रस्त्यावर पडत नसे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्यात दुधाच्या पिशवीलाही ठराविक जाडीची आणि परतखरेदीची अट घातली. म्हणजे बाटली गेली, तरी 'परत करा आणि पैसे घ्या' ही तिची कल्पना पुन्हा आठवावी लागली.

बीडसारख्या भागांत दूध टिकवण्याची आणखी एक रीत आहे. ती म्हणजे खवा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, विशेषतः शेजारच्या भूम तालुक्यात, खव्याच्या भट्ट्या आहेत आणि कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्ध आहे. सुमारे पाच लिटर म्हशीचे दूध आटवले की एक किलो खवा होतो. पाणी कमी झाल्यामुळे जीवाणूंची वाढ मंदावते आणि ओझेही पाचव्या हिश्शावर येते. मोठ्या शहरात बाटली आणि बाजारापासून दूर खवा, ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. म्हणून काचेची बाटली मिळाली नाही, तरी निराश होऊ नका. जुनी पितळी मापे, चरव्या, कॅन, दूधमापी, संकलन केंद्राच्या पावत्या, खव्याच्या कढया व उलथणी यांची नोंदही तितकीच मोलाची आहे.

नोंदपत्र कसे करावे?

प्रत्येक वस्तूसाठी पोस्टकार्डाएवढे एक कार्ड करा. त्यावर पुढील गोष्टी लिहा : अनुक्रमांक, कोठे व कधी मिळाली, देणाऱ्याचा वस्तूशी संबंध, उंची, वजन व माप, तोंडाचा प्रकार, सांधरेषा, तळावरील खुणा, अंगावरील अक्षरे जशीच्या तशी, झीज, अंदाजे काळ आणि त्याचे कारण. तोच अनुक्रमांक लहान चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने बाटलीच्या मानेला बांधा. काचेवर चिकटपट्टी लावू नका. छापील अक्षरे घासू नका, ती सहज पुसली जातात.

पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या शाईने लिहा. 'बाटलीवर ५०० मि.लि. असे लिहिले आहे' हे पाहिलेले. 'ही आमच्या घरी मुलगी लहान असताना होती' हे ऐकलेले. दोन्हींना मोल आहे, पण दोन्ही एक नव्हेत.

आजी-आजोबांना विचारताना उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. 'तेव्हाचे दूध चांगले होते ना?' असे विचारले, तर 'होय' हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा : दूध किती वाजता येई? कार्ड कोणाच्या नावावर होते? अनामत किती होती? बाटली फुटली तर काय करत? दूध आणायला कोण जाई? या लहान प्रश्नांची उत्तरे पुस्तकांत क्वचितच सापडतात. ती देऊ शकणारी माणसे आता वयस्क झाली आहेत. बाटली आणखी वीस वर्षे माळ्यावर पडून राहील. तिची हकीकत तशी थांबणार नाही. म्हणून आधी वही घेऊन बसा, बाटली नंतर मागा. मालकाने दिली नाही, तर मोजमापे आणि छायाचित्र घ्या. तेवढ्यानेही नोंद पूर्ण होते.

शिक्षकांसाठी : या उपक्रमात घनता, उष्णतेचे प्रसरण, आम्लाची क्षारांवरील क्रिया, जीवाणूंची वाढ आणि स्थानिक इतिहास हे विषय एकत्र येतात. वर्गात चार-चार विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटाने एकच वस्तू पण पूर्ण नोंद आणावी. गटांनी कार्डे एकमेकांत बदलून 'या निष्कर्षाला पुरावा कोणता?' असे विचारावे. गुण वस्तूंच्या संख्येला न देता नोंदीला द्यावेत.

स्वाध्याय

१. एका बाटलीवर '५०० मि.लि.' आहे, पण पिनकोड नाही. तिच्या काळाविषयी काय सांगता येईल आणि काय सांगता येणार नाही?

२. दुधाच्या दहा रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून त्यांचे एकत्र वजन करा. एका पिशवीचे वजन काढा आणि वरील हिशेब तुमच्या आकड्याने पुन्हा करा.

३. पारदर्शक बाटलीतील दूध उन्हात ठेवल्यास त्यातील रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, नष्ट होऊ लागते. असे असूनही दुग्धशाळांनी पारदर्शक काच का पसंत केली असेल? दोन्ही बाजू लिहा.

४. तुमच्या गावात दूध गोठ्यापासून घरापर्यंत कोणकोणत्या भांड्यांतून जाते, याचा क्रम काढा. त्यांतील कोणते भांडे आणखी वीस वर्षांनी दिसणार नाही असे वाटते? त्याची नोंद आजच करा.